जोडीदाराचं परीक्षण

वराळ्याच्या त्या घरात मी कामाला लागले तेव्हा पहिले काही महिने माझा जीव थाऱ्यावर नव्हता. गॅस बंद केला की नाही हे मी पुन्हा पुन्हा उठून बघायची. भाजीत मीठ जास्त पडलं तर आपल्याला जा म्हणतील असं वाटायचं. आमचं गाव किनवटच्याही पुढं, पार राज्याच्या हद्दीला. सातवीनंतरची शाळा दुसऱ्या गावाला होती आणि मधे ओढा होता, एवढ्यावरच माझं शिक्षण थांबलं. भावाबरोबर लोणावळ्याला आले ती एका रिसॉर्टवर चादरी बदलायला. भाऊ वर्षभरात कंटाळून परत गेला, मी राहिले. मग सीझन संपला आणि तेही काम सुटलं. तिथल्याच एका मावशीनं सांगितलं, वराळ्यात दोघी बायका राहतात, त्यांना स्वयंपाकाला आणि वाचून दाखवायला माणूस पाहिजे. स्वयंपाकाचं समजलं. वाचून दाखवायचं काय ते समजलं नाही, पण गेले.

त्या दोघींपैकी एक नाच शिकवायच्या. सोमाटण्याला हार्डवेअरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्यांचा कथकचा क्लास होता, तिथल्या मुली त्यांना बाई म्हणायच्या म्हणून मीही बाईच म्हणत आले. दुसऱ्या नाचावर लिहायच्या. पुण्याच्या एका पेपरच्या रविवारच्या पुरवणीत त्यांचं परीक्षण यायचं. त्यांना मी ताई म्हणते. ताईंच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार झाला होता. समोरचं दिसायचं नाही, कडेचं दिसायचं. त्यामुळे त्या कुणाशीही बोलताना मान तिरकी धरायच्या. नवख्या माणसाला वाटायचं, ह्या आपल्याकडं दुर्लक्ष करतायत. खरं तर तेव्हाच त्या नीट बघत असायच्या.

पहिल्या दिवशी त्यांनी मला पेपर दिला आणि वाच म्हणाल्या. मी जोडाक्षरांना अडखळत वाचलं.  वाचून झालं तसं त्यांनी विचारलं, "यात काय म्हटलंय?" मी मला कळलं तेवढं सांगितलं. "बरं," म्हणाल्या, "उद्यापासून ये. राहायला खोली आहे मागं." मला शाळेत असं कुणी कधी विचारलं नव्हतं. वाच म्हणायचे, काय म्हटलंय ते नाही.

ताई बोलायच्या आणि मी लिहायची. माझं आज जे काही लिहिणं आहे ते त्या जेवणाच्या टेबलावरचं आहे. ताईंचे नियम होते. नाचणारी बाई कशी दिसते ते लिहायचं नाही, काय करते ते लिहायचं. कमनीय, मोहक, सौंदर्याची खाण असले शब्द माझ्या हातून चुकून गेले तरी त्यांच्या कानाला ते लगेच टोचायचे. म्हणायच्या, पुरुषाच्या नाचाबद्दल लिहिताना कुणी त्याची कंबर मोजत नाही. बाईच्या नाचावर पन्नास ओळी वाचाव्यात आणि तिचे पाय कसे पडले हे एका ओळीतही सापडू नये, हे त्यांना फार लागायचं. नाच म्हणजे बाईनं शिकून, घाम गाळून केलेलं काम आहे, तर कामाबद्दल बोला.

आणखी एक रीत होती, ती मी दुसरीकडं कुठं पाहिली नाही. परीक्षण पेपरकडं पाठवण्याआधी त्या नाचणारीला फोन लावायच्या आणि अख्खं वाचून दाखवायच्या. डोळ्यांचा आजार झाल्यापासून वाचायचं काम माझं झालं. फोन स्पीकरवर ठेवायचा आणि वाचायचं. तपशील चुकला असेल तर ताई दुरुस्त करायच्या. मत बदलायच्या नाहीत. एकदा एका मोठ्या नर्तकीनं फोनवरच मला सुनावलं होतं, की तू कोण मला हे सांगणारी. मला रडू आलं. ताई शांतपणे म्हणाल्या, "ती फक्त वाचतेय. सांगतेय मी. माझ्यावर चिडा."

ही रीत त्यांनी घरात भरणाऱ्या बायकांच्या बैठकीतून उचलली होती. महिन्यातून एकदा आमच्या घरी बायका यायच्या. कुणी पुण्याहून, कुणी मुंबईहून, एक नाशिकहून. बायकांवर प्रेम करणाऱ्या बायका. त्या स्वतःला लेस्बियन म्हणवायच्या, तो शब्द त्या घरात भाजीपाल्याइतका साधा होता. कुणाला घरच्यांनी कोंडलेलं, कुणाचं लग्न ठरवलेलं, कुणाला नुसतं चार तास मोकळं बसायचं असायचं. मी पोह्यांचं पातेलं भरायची आणि दाराशी बसून ऐकायची. कुणाला वकील पाहिजे, कुणाला राहायला जागा, यावर भांडण व्हायचं, हसणं व्हायचं. नियम एकच होता, की हजर नसलेल्या बाईबद्दल काही बोलायचं असेल तर आधी तिला फोन करा. तरुणपणी ताई ज्या महिला संघटनेत होत्या तिथं त्यांना सांगितलं होतं म्हणे, तुमचा विषय आत्ता नको, नंतर बघू. ताई संघटना सोडून गेल्या नाहीत. प्रत्येक मोर्चाला गेल्या आणि प्रत्येक सभेत उठून विचारलं, नंतर म्हणजे कधी. ही गोष्ट बाई सांगायच्या आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं.

त्या दोघींचं काय नातं आहे हे मला कुणी बसवून सांगितलं नाही. घरात कपड्यांचं कपाट एकच होतं, त्यावरून कळलं. पहिल्यांदा मला भीती वाटली, हे खरं. आमच्या आईला कळलं तर ती मला परत बोलावील, असं वाटायचं. मग मी कामाला लागत गेले आणि भीती कधीतरी मागं पडली.

आता मुख्य गोष्टीकडं येते.

बाईंनी कित्येक वर्षांत स्वतः स्टेजवर पाऊल ठेवलं नव्हतं. शिकवायच्या, मुलींचे कार्यक्रम बसवायच्या. साठी उलटल्यावर त्यांनी एक रचना बांधायला घेतली. कथकच्या अभिनयात नेहमी असं असतं की नायिका आपल्या सखीला सांगते, जा, त्याला घेऊन ये. नायिकेचं दुःख आपण तासभर बघतो. सखी कुणालाच दिसत नाही. बाईंनी ठरवलं, आपण सखी करायची.

लोणावळ्याला एका शाळेच्या सभागृहात कार्यक्रम झाला. थंडीचे दिवस, क्लासच्या मुलींचे पालक शाली पांघरून आलेले. ताई पहिल्या रांगेत अगदी कडेला बसल्या, मान तिरकी करून. सखी झालेल्या बाई मैत्रिणीचं ऐकतात, तिचे केस विंचरतात, निरोप घेऊन निघतात. वाटेत थांबतात. तिच्या प्रियकराच्या दारापर्यंत जातात आणि कडी वाजवत नाहीत. परत येऊन मैत्रिणीला सांगतात, तो घरी नव्हता. मग पुन्हा केस विंचरायला घेतात. मला तेव्हा सगळं उमगलं असं नाही. पण कडीपाशी हात थांबला तेव्हा सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई टेबलाशी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, लिही. मी थबकले. बाईंबद्दल त्यांनी कधीच काही लिहिलं नव्हतं. आपल्याच माणसाबद्दल लिहिणं हा वाचकाशी दगा आहे, असं त्यांचं म्हणणं. पण मराठीत नाचावर नेमानं लिहिणारं दुसरं कोण उरलं होतं? बाईंच्या ऐन भराच्या वर्षांत त्यांच्या नाचाबद्दल कुठंही एक ओळ छापून आली नाही, कारण लिहिणारी बाई त्यांच्या घरात राहत होती. बाईंच्या शिष्यांवर लिहून आलं, त्यांच्या बरोबरीच्यांवर आलं. त्यांच्या वाट्याला घरातला चहा आला. हे बाई कधी बोलल्या नव्हत्या. ताईंना ते आतून पोखरत असावं.

मी कागद घेतला. ताईंनी पहिलं वाक्य सांगितलं: "ही नर्तकी आणि मी अनेक वर्षं एकमेकींच्या जोडीदार म्हणून एका घरात राहतो, वाचकांनी हे लक्षात ठेवून पुढचं वाचावं."

माझा हात थांबला. वराळ्यात, सोमाटण्यात, तळेगावच्या सोसायट्यांत हा पेपर घरोघर येतो. क्लासच्या मुलींच्या घरी येतो. आजूबाजूला लोक काय समजायचे ते समजत होते, पण समजणं वेगळं आणि रविवारी सकाळी चहाबरोबर वाचणं वेगळं. मी म्हटलं, ताई, बाईंना विचारलंत का? "लिहून झालं की तिला वाचून दाखवायचंच आहे," त्या म्हणाल्या. "रीतच आहे."

बाई क्लासवरून आल्या, जेवल्या. मग ताईंनी त्यांना समोर बसवलं आणि मला वाचायला लावलं. फोनवर वाचणं निराळं. इथं बाई माझ्यापासून हातभर अंतरावर होत्या, मांडीवर हात ठेवून. पहिलं वाक्य वाचून मी वर बघितलं. बाईंनी पुढं वाच म्हणून खूण केली. पुढं ताईंनी सखीबद्दल लिहिलं होतं. खोटं बोलताना नर्तकी नजर खाली घालत नाही, तिथं रचना सर्वांत वर जाते, असं. शतकानुशतकं निरोप नेणाऱ्या बाईला स्वतःचं काही म्हणणं असेल हे इथं पहिल्यांदा दिसलं, असं. बाईंचा चेहरा हळूहळू सैल होत होता. मग शेवटचा परिच्छेद आला: उत्तरार्ध लांबला आहे, तत्कारात, म्हणजे पायांच्या ठेक्यात, डाव्या पायाचा आघात हलका पडतो, आणि तो हलका पडला की नर्तकी चेहऱ्याचा आधार घेते.

बाई ताडकन उठल्या.

"डावा पाय?"

"हलका पडतो," ताई म्हणाल्या.

"हे तू स्टेजवर ऐकलंस की घरात? गुडघा दुखतो म्हणून मी रोज तुझ्यासमोर तेल लावते, म्हणून तुला माहीत. बाहेरच्या माणसाला कळलंसुद्धा नसतं."

"म्हणूनच पहिलं वाक्य आहे."

 बाई एकदम हसल्या आणि हसता हसता रागावल्याही. म्हणाल्या, जन्मात एक परीक्षण मिळालं, तेही असं. बाहेर ओट्यावर जाऊन बसल्या. बऱ्याच वेळानं आत आल्या तेव्हा राग गेला होता, काळजी होती. पाय राहू दे, म्हणाल्या. पण ते पहिलं वाक्य. "तुझं एक वाक्य छापून येईल आणि माझ्या पोरी येणं बंद होतील. तू लिहून मोकळी होशील. मला त्या जिन्यावर रोज चढायचंय."

ताईंनी चाचपडत माझ्या हातातला कागद घेतला.  म्हणाल्या, "तुझा क्लास आहे. तू म्हणशील तसं. ते वाक्य काढायचं असेल तर परीक्षणच पाठवणार नाही. पण नुसतं वाक्य काढून पाठवणं माझ्याच्यानं होणार नाही."

दोन दिवस घरात तो कागद फ्रिजवर पडून होता. दोघी एकमेकींशी कोथिंबिरीबद्दल, गॅसच्या नंबराबद्दल बोलत होत्या.  क्लास बंद पडला तर हे घर कसं चालणार, आणि घर नाही चाललं तर आपण कुठं, हे माझं गणित चालूच होतं. ते मी लपवत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी बाई घुंगरांची पिशवी खांद्याला लावून निघाल्या आणि दारातून म्हणाल्या, "पाठव. मी त्या सखीला दारापर्यंत नेऊन आणलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आता मीच कडी वाजवत नाही म्हटलं तर बरं दिसायचं नाही."

संपादकांचा फोन आला. माणूस भला होता, ताईंना जपणारा. म्हणाला, या वाक्याची गरज आहे का, निदान जोडीदारऐवजी स्नेही करू या. ताई म्हणाल्या, स्नेही तुम्हीही आहात, म्हणून मी तुमचा गुडघा ओळखत नाही. तो हसला. वाक्य शेवटी टाकू का म्हणाला. ताई नाही म्हणाल्या, वाचकाला आधी कळलं पाहिजे, नंतर कळून काय उपयोग. त्यानं मानलं. रविवारी जसंच्या तसं आलं.

सोमवारी मी मुद्दाम बाईंबरोबर सोमाटण्याला गेले. काम काही नव्हतं, पण त्यांना एकटीला त्या जिन्यावर सोडवेना. शटरपाशी हार्डवेअरवाल्या भाऊंनी नेहमीसारखा नमस्कार केला, जरा जास्तच वाकून. वर आलो. वेळ झाली तरी हॉल निम्माही भरला नव्हता. तळेगावच्या एका सोसायटीतल्या दोघी बहिणी सगळ्यांत आधी यायच्या, त्यांच्या आईचा मेसेज आला होता, परीक्षा जवळ आल्यात म्हणून यंदा थांबवतोय. परीक्षा लांब होत्या. आणखी दोघीतिघींनी काहीच कळवलं नाही. आलेल्या मुली मोकळ्या जागा भरून काढायला पुढं सरकल्या, तर बाई म्हणाल्या, आपापल्या जागी उभ्या राहा. आवाज साधाच होता. मी खिडकीकडं तोंड केलं.

तेवढ्यात जिन्यावर चपलांचा आवाज झाला. क्लासला सुदुंबऱ्याची एक मुलगी होती, सगळ्यांत कष्टाळू. तिची आई तिला स्कूटीवर सोडून खालच्या खाली परत जायची, शेतावर माणसं लावलेली असायची. आज ती आई वर आली. डोक्यावर पदर, हातात घडी घातलेला पेपर. मुली हळूच बाजूला झाल्या.

"बाई, ह्यात आलंय ते खरं हाय का?"

बाई ताठ उभ्या राहिल्या. "हो. खरं आहे."

"म्हंजी पाय अधू झालाय तुमचा?"

बाईंना क्षणभर समजेना. म्हणाल्या, अधू नाही, गुडघा दुखतो थोडा.

"मंग असं लिवायचं व्हय?" मुलीची आई म्हणाली. "दोघी ऱ्हाताय ते आमाला काय नवं न्हाई. माझी नणंद वराळ्यातच दिलीया. गावाला काय डोळं न्हाईत? पन घरच्या मानसानं घरच्याचं उणं चारचौघांत काढायचं असतंय का? आमच्या मालकानी माझ्या भाकरीला पेपरात नाव ठिवलं असतं, तर दुसऱ्या दिशी मी चूल पेटवली नसती."

कुणीतरी मुलगी फिसकन हसली. बाई खाली बसल्याच. हसत होत्या की रडत होत्या मला सांगता येणार नाही. त्या आईनं घाबरून माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, मावशी, बसा ना. ती बसली नाही. तिला अजून बोलायचं होतं. म्हणाली, "म्या कालपासनं इचार करतीया. जी बाई आपल्या मानसाला सोडत न्हाई ती आमच्या पोरीचं खरं सांगल. हितं समदेच छान छान म्हनत्यात. लय झालं ते छान. पोरगीला फुडं न्यायचंय का शेतात घालायचंय, आमाला कळाय नको? एकदा आना त्यांना."

घरी आल्यावर बाईंनी सगळं सांगितलं. कोण आलं नाही तेही सांगितलं, नावं घेऊन. ताई ती नावं ऐकत होत्या, चेहरा पडला होता. प्रत्येक मुलगी त्यांच्या ओळखीची होती, घरी येऊन लाडू खाऊन गेलेली. मग चूल न पेटवण्याचा भाग आला आणि ताई इतक्या हसल्या की चष्मा काढून ठेवावा लागला. बाई म्हणाल्या, "हस. पण शनिवारी तुला यायचंय."

शनिवारी ताईंची जी तारांबळ उडाली ती मी आधी कधी पाहिली नव्हती. मोर्चात, पोलीस चौकीत, भरलेल्या सभागृहात बोललेल्या ताई मला विचारत होत्या की कुठली साडी नेसू. रिक्षात माझा हात धरून बसल्या. म्हणाल्या, कलावंताला सांगणं सोपं असतं, त्याला दुसऱ्या दिवशी शाळेत जायचं नसतं. तुम्ही नका काही बोलू मग, मी म्हटलं. तर म्हणाल्या, बोलवलंय कशाला मग?

हॉलमध्ये भिंतीला टेकून आया बसल्या होत्या, एरवी कधी न येणाऱ्या. एक वडीलही होते, दाराजवळ, चपला न काढता उभे. सुदुंबऱ्याची मुलगी पुढं आली. तिनं एक तोडा, म्हणजे बोलांवरचा तुकडा, केला, चकरा घेतल्या, तालाच्या समेवर आली आणि गोड हसली. आयांनी टाळ्या वाजवल्या. ताई मान तिरकी करून बसल्या होत्या. टाळ्या थांबल्या तशा सगळ्या त्यांच्याकडं बघू लागल्या.

"चक्कर सुंदर आहे तुझी," ताई म्हणाल्या. "पाय भक्कम आहेत, या वयात इतके भक्कम मी फार कमी ऐकलेत. पण समेला तू उशिरा येतेस आणि हसून ते झाकतेस. हसलीस की लोक माफ करतात. लोकांना माफ करू देऊ नकोस."

पोरीचा चेहरा उतरला.  दाराजवळच्या वडलांनी घसा साफ केला. माझ्या मनात आलं, झालं, आता ही पण जाणार. बाईंकडं बघवेना. सगळ्यांच्या नजरा त्या आईकडं वळल्या. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत ताईंकडं बघत होती. मग मुलीकडं वळली.

"ऐकलंस न्हवं? मंग उबी का? कर परत."

मुलगी मागं गेली, जागेवर उभी राहिली. बाईंनी मांडीवर ताल धरला.